तिसरा रूळ

नकाशावर ती तुटक रेघ होती,
खानापूरच्या मालधक्क्यामागे मुख्य मार्गातून सुटून
लाल मातीच्या खाणीकडे गेलेली.
शेजारी कुणीतरी पेन्सिलीने विचारलेलं:
जोड आहे / नाही?
ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं,
म्हणून मला पाठवलं, टेप, चुन्याची पिशवी
आणि बसलिंग देऊन.
बसलिंग म्हणतो, मी शिंकतोसुद्धा कन्नडात.

बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यावर
मष्णू घाडी राखण करतो. वय विचारलं तर म्हणाला,
"मीटरगेज व्हतं तवा मिशा काळ्या व्हत्या."
काठीनं घाणेरी बाजूला सारत तो पुढे,
आम्ही मागे.

"हितनं मातीची ट्रॉली यायची. दोन फुटी रूळ.
ढकलायला म्या आन् शिवलिंगाप्पा.
चढाला तो कन्नडात शिव्या द्यायचा,
उताराला म्या मराठीत.
ट्रॉलीला दोनी कळायच्या."

भाजलेली कौलं गवतात गुंडाळून निघायची
आणि धक्क्याअलीकडे थबकायची.
तिथून पुढे थोरल्या गाडीची रुंदी.
मग डोकीवरून, हातोहात, पावसातून;
शंभरात चार फुटायची,
फुटलेल्यांचे पैसे पगारातून.

कुणी एक इंजिनेर आला, त्याचं नाव मष्णूला आठवेना.
त्यानं थोरल्या रुळांच्या आत
आणखी एक रूळ टाकला,
छपराखालच्या शंभर पावलांपुरता.
आधी ट्रॉली यायची, धक्क्यावर कौलं उतरवून परत जायची,
मग त्याच जागी वाघीण.
मी वहीत काढून पाहिलं:
एका अंगाला दोघींचे रूळ वेगळे,
दुसऱ्या अंगाला एकच.
त्यावरून ट्रॉलीचंही चाक गेलं, वाघिणीचंही.

"सामाईक रूळ कुठला ते कसं कळायचं?"
"पाय भाजून," मष्णू म्हणाला. "उन्हाचं कुठलाबी भाजतोय."
आणि स्वतःच हसला.

ब्रॉडगेज आलं तेव्हा सगळं उखडलं.
एक रूळ कारखान्याच्या फाटकात उभा,
एक कुणाच्यातरी गोठ्याला तुळई,
एक हातभर तुकडा शाळेत टांगलाय.
एका आवारात दोन शाळा, मराठी नि कन्नड.
घंटा एकच,
कारण शिपाई एकच.
मी विचारलं, तो सामाईकातला का?
"कापल्यावर काय कळतंय की?
लोखांड ते लोखांड."

शिवलिंगाप्पा आता लेकीकडे, सौंदत्तीला.
ऐकू येत नाही फारसं.
फोनवर हा इकडनं ओरडतो, तो तिकडनं.
सून विचारते, भांडण लागलंय काय?
"न्हाई गं. चढ लागलाय."

छपराच्या जागी आता नुसते चिऱ्यांचे खांब.
बसलिंगनं कुदळ मारली, तिसऱ्या घावाला ठक् झालं.
सागवानी स्लीपर, काळा, अजून टणक.
माती पुसली.
खिळ्यांची भोकं, दोन जागी नव्हे, तीन जागी.
बसलिंगनं टेपचं टोक डावीकडच्या भोकाशी धरलं,
मोठ्यानं वाचलं, "आरनूर हत्तु."
मी लिहिलं, सहाशे दहा.
टोक तिथंच ठेवून टेप आणखी ओढला.
"साविर."
मी लिहिलं, एक हजार.
त्याच एका भोकापासून दोन्ही मापं.

एक्स्प्रेस गेली, थांबली नाही.
चुना उडाला, आमचे पाय पांढरे झाले.

फॉर्मात रकाना एवढासा:
आहे, नाही, यांतलं एक खोडायचं.
मी पेन धरून उभा.
मष्णूनं स्लीपरला बोटानं टकटक केलं.
"सायेब, तुमचं झालं असंल तर ह्ये लाकूड न्हेऊ काय?
न्हाणीचा बंब तापत न्हाई वल्या फाट्यानं."
बसलिंग माझ्याकडे बघत राहिला.

थांबा, मी म्हटलं,
अजून एकदा मोजतो.